दोन मिनिटांचा फ्राइड राइस आणि वर्गाचा नियम

दुपारी एकच्या सुमारास अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनाबाहेर, नाहीतर घाटकोपरच्या खाऊगल्लीत एक फेरी मारा. लाल रंगाची गाडी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेले नाव, बाजूला ड्रॅगनचे चित्र आणि दुरूनही ऐकू येणारा शेगडीचा घूंऽऽ असा आवाज. ही झाली चायनीजची गाडी. कारखान्यातले कामगार, कचेरीतले कारकून, कॉलेजातली मुले असे सगळेच तिथे उभे असतात. मागणी सांगितल्यापासून दोन-तीन मिनिटांत वाफाळलेली प्लेट हातात येते, किंवा पार्सल बांधून मिळते. पैसे बेताचे लागतात आणि पोट भरते.

विद्यार्थी मित्रांनो, घरी साधा पुलाव करायचा म्हटले तर पाऊण तास जातो. मग गाडीवरचा माणूस दोन मिनिटांत जेवण कसे तयार करतो? त्याचा भात इतका सुटा कसा? घरी तोच पदार्थ केला तर त्याचा लगदा का होतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे खाणे केव्हा निर्धोक असते आणि केव्हा नसते? या प्रश्नांची उत्तरे बरीचशी तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहेत. विशेष म्हणजे जेवण झटपट होण्याचे कारण आणि ते कधीकधी बाधण्याचे कारण यांच्या मुळाशी एकच नियम आहे. तोच आज पाहू.

चीनहून घाटकोपरला

प्रथम थोडा इतिहास. चिनी लोक भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि पुढे त्यांतले काही मुंबईत स्थायिक झाले. माझगावला नवाब टँक रस्त्यावर त्यांनी १९१९ साली बांधलेले देऊळ आजही आहे. परंतु गाडीवर आपण जे खातो ते चीनमध्ये शोधायला गेलो तर बहुधा सापडणार नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत सोया सॉस व कॉर्नफ्लॉवर घालून चिकन मंचुरियन तयार केले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे त्याची कोबी-गाजराची शाकाहारी आवृत्ती निघाली. चायनीज भेळ तर अस्सल मुंबईचीच.

‘शेजवान’ हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आले आहे. तिथल्या स्वयंपाकात एक विशिष्ट मिरी वापरतात; ती खाल्ली की जीभ झिणझिणते. आपल्या शेजवान चटणीत ती सहसा नसते, लाल मिरची आणि लसूणच असतो. गंमत अशी की त्या मिरीची सख्खी चुलत बहीण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ ते हेच! दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीतली आहेत. असो. आता कढईकडे वळू.

बारीक चिरण्याचे गणित

अन्न शिजणे म्हणजे काय? उष्णता बाहेरून आत गाभ्यापर्यंत पोचणे. बटाटा उकळत्या पाण्यात टाकला तर त्याची साल लगेच १०० अंश सेल्सियसच्या जवळ जाते, पण मध्यभागी उष्णता पोचायला वेळ लागतो. घन पदार्थात ती रेणूकडून रेणूकडे, म्हणजे वहनाने, जाते. हा प्रवास सरळ रेषेत धावणाऱ्या गाडीसारखा नसतो. गाडीला दुप्पट अंतर जायला दुप्पट वेळ लागतो. उष्णतेला मात्र दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो आणि तिप्पट खोल जायला नऊपट. म्हणजेच लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हाच आपला वर्गाचा नियम.

आता आकडेमोड करू. समजा, एका अखंड बटाट्याची त्रिज्या २५ मिलिमीटर आहे आणि तो उकडायला अर्धा तास, म्हणजे १८०० सेकंद लागतात. त्याच बटाट्याच्या २ मिलिमीटर जाडीच्या कापट्या केल्या. आता दोन्ही बाजूंनी आत शिरणाऱ्या उष्णतेला फक्त १ मिलिमीटर जायचे आहे. अंतर २५ पटींनी कमी झाले, म्हणून वेळ २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पटींनी कमी होईल. १८०० भागिले ६२५ केले तर उत्तर येते जेमतेम ३ सेकंद! बटाटा गोल आणि कापटी चपटी, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा वाढेल. पण तो काही सेकंदांचाच राहील, मिनिटांचा नव्हे.

गाडीवर कोबी, गाजर, सिमला मिरची, फरसबी यांच्या काड्या इतक्या बारीक का चिरतात हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. सकाळी दोन तास सुरी चालते, तेव्हा दुपारी दोन मिनिटांत प्लेट निघते. गिऱ्हाइकाला दिसतात ती शेवटची दोन मिनिटे. खरा वेळ आधीच खर्च झालेला असतो.

एवढी मोठी आच कशाला?

भाजी एका क्षणात शिजते, मग एवढी प्रचंड ज्योत कशासाठी? याचे उत्तर पाण्यात आहे. कोबीच्या वजनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. भाजी तापली की हे पाणी सुटते. कढईत पाणी साचले की तिथले तापमान १०० अंशांवर अडकून बसते, कारण पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात. पण उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. हीच सुप्त उष्णता. भाजलेल्या पदार्थाचा तो खमंग वास आणि तपकिरी रंग ज्या रासायनिक क्रियेमुळे येतो, तिला फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड याचे नाव दिले आहे. त्याने तिचे वर्णन १९१२ साली केले. ही क्रिया वेगाने व्हायला १४० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे कढईत पाणी असेपर्यंत भाजी वाफवली जाते, परतली जात नाही.

एका प्लेटचा हिशोब करा. २५० ग्रॅम शिजलेला भात ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ५० किलोज्यूल. दीडशे ग्रॅम भाजी तापवायला सुमारे ४० किलोज्यूल. त्यातून ४० ग्रॅम पाण्याची वाफ करायला ९० किलोज्यूल. एकूण झाले १८० किलोज्यूल. घरच्या शेगडीची ज्योत समजा २ किलोवॅटची आहे आणि उघड्या कढईत तिच्यातली ४० टक्के उष्णता अन्नात शिरते. म्हणजे दर सेकंदाला ८०० ज्यूल. एका प्लेटला पावणेचार मिनिटे लागली. हे ठीक आहे. पण घरी आपण चौघांचा भात एकदमच कढईत टाकतो! मग लागतात पंधरा मिनिटे, आणि तेवढा वेळ भाजी आपल्याच पाण्यात शिजत राहते. लगदा होतो तो याच कारणाने.

गाडीवरची शेगडी समजा १० किलोवॅटची आहे. कढई हवेत झुलत असल्यामुळे तिच्यातली २५ टक्केच उष्णता कामी येते असे धरू. तरीसुद्धा दर सेकंदाला २५०० ज्यूल मिळतात आणि प्लेट सव्वा मिनिटात तयार होते. पाणी सुटताक्षणीच त्याची वाफ होऊन जाते.

गॅसचा खर्च किती? शेगडी दोन मिनिटे पेटती राहिली तर १२०० किलोज्यूल खर्च होतात. एक किलो गॅसपासून सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एका प्लेटला सुमारे २६ ग्रॅम गॅस, आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सातशेच्या वर प्लेटा. घरच्या मंद आचेवर एका प्लेटला याच्या निम्म्याहून कमी गॅस लागेल. याचा अर्थ गाडीवाला गॅस वाचवत नाही. तो गॅस देऊन वेळ विकत घेतो. दुपारच्या दोन तासांच्या सुट्टीत एका कढईवर पन्नास-साठ गिऱ्हाइके उरकायची असतील, तर हा सौदा फायद्याचाच आहे. त्याच्या कमी दराचे हे एक मोठे कारण.

दाण्यांची उडी

एवढ्या आचेवर भात करपत कसा नाही? कारण तो एका जागी थांबतच नाही. आचारी कढई पुढे-मागे झटकतो आणि दाणे उडवतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील को आणि हू या दोघा संशोधकांनी आचाऱ्यांच्या या हालचालीचे चित्रीकरण करून त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की कढई एकाच वेळी दोन प्रकारे हलते. ती पुढे-मागे सरकते आणि शेगडीच्या काठावर टेकून झोपाळ्याच्या फळीसारखी वरखालीही होते. हे आवर्तन दर सेकंदाला जवळजवळ तीनदा होते. हाताचे स्नायू किती दमत असतील याची कल्पना करा.

एक सोपे उदाहरण सोडवा. दाणा पाव सेकंद हवेत राहिला तर तो किती उंच उडाला? वर जायला निम्मा वेळ, खाली यायला निम्मा. अर्धा गुणिले ९.८ गुणिले ०.१२५ चा वर्ग. उत्तर येते सुमारे पावणेआठ सेंटिमीटर. तेवढ्या उडीत दाण्याच्या पृष्ठभागावरची वाफ निघून जाते, तो किंचित निवतो आणि पुन्हा तापलेल्या लोखंडावर पडतो. म्हणून तो भाजला जातो, पण जळत नाही.

कालचा भात सुटा का होतो?

आता भाताकडे येऊ. तांदळात मुख्यत्वे स्टार्च असतो. पाण्याबरोबर तापवला की सुमारे ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ, चिकट होतात. नुकत्याच उतरवलेल्या गरम भाताचे दाणे एकमेकांना चिकटतात ते यामुळे. असा भात कढईत टाकून झटकला तर त्याचे गोळे होतात.

भात गार होऊ लागला की स्टार्चचे लांबलचक रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन शिस्तीत बसू लागतात. मधले पाणी काही अंशी बाहेर ढकलले जाते. दाणा घट्ट होतो, त्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो. कालचा पाव किंवा सकाळची पोळी वातड होते तीही याच क्रियेने. पोळीच्या बाबतीत जो दोष, तो फ्राइड राइसच्या बाबतीत गुण ठरतो. घट्ट, कोरडा दाणा कढईत सुटा उडतो. म्हणून आचारी आधी शिजवून गार केलेला भात वापरतात. आपल्याकडेही फोडणीचा भात शिळ्या भाताचाच चांगला होतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे.

इथवर सगळे छान आहे. पण ‘आधी शिजवलेला’ म्हणजे किती आधी, आणि मधल्या काळात तो कुठे होता? खरा प्रश्न हा आहे.

तोच नियम उलटा फिरतो

१९७१ सालापासून ब्रिटनमध्ये एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागली. चिनी खाणावळींतला फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना एक ते पाच तासांत जोराच्या उलट्या होत. तपास केला तेव्हा बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू सापडला. खाणावळीत संध्याकाळी मोठ्या पातेल्यात भात शिजवीत आणि तो रात्रभर बाहेरच ठेवीत, कारण फ्रिजमध्ये ठेवलेला भात गुठळी होतो अशी आचाऱ्यांची तक्रार होती.

हा जीवाणू मातीत राहतो, त्यामुळे कच्च्या तांदळात तो असतोच. प्रतिकूल परिस्थितीत तो जाड कवचाचा बीजाणू बनून राहतो, आणि हे बीजाणू भात उकळतानाही मरत नाहीत. उलट भात शिजला की त्यांना पाणी, अन्न आणि ऊब तिन्ही मिळते. ते जागे होतात, वाढू लागतात आणि वाढताना सेरुलाइड नावाचे विष भातात सोडतात. साधारणपणे ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतात. ३० ते ३७ अंशांना यांची वाढ झपाट्याने होते.

समजा, एका ग्रॅम भातात दहाच जीवाणू आहेत आणि दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होते. आठ तासांत दुपटी झाल्या सोळा. दोनाचा सोळावा घात ६५,५३६. म्हणजे सकाळपर्यंत ग्रॅममागे साडेसहा लाख जीवाणू! ग्रॅममागे एक लाख ही संख्याच धोक्याची समजली जाते.

“पण गाडीवर तो भात पुन्हा एवढ्या आचेवर परततात ना? मग जीवाणू मरणार नाहीत का?” असे तुम्ही विचाराल. जीवाणू मरतील. विष मात्र राहील. सेरुलाइड १२१ अंशांना दीड तास तापवले तरी नष्ट होत नाही, तिथे कढईतली दोन मिनिटे काय करणार? त्याला वास नाही, चव नाही. झणझणीत शेजवान चटणी तर सगळेच झाकून टाकते. बहुतेक लोक एका दिवसात बरे होतात हे खरे. पण हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बेल्जियममध्ये २००८ साली वीस वर्षांचा एक निरोगी तरुण पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून जेवला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत दगावला. तपासात हेच विष आढळले.

आता वर्गाचा नियम आठवा. उष्णतेला आत शिरायला जाडीच्या वर्गाइतका वेळ लागतो, तसाच बाहेर पडायलाही लागतो. भात मोठ्या थाळ्यात ४ सेंटिमीटर जाडीचा पसरला आहे असे समजा. तोच भात पातेल्यात २४ सेंटिमीटर खोल आहे. जाडी सहापट, म्हणून निवण्याचा वेळ छत्तीसपट! थाळ्यातला भात वीस मिनिटांत कोमट झाला, तर त्याच हिशोबाने पातेल्याच्या गाभ्याला बारा तास लागतील. पातेल्याच्या कडेतूनही उष्णता जाते, वाफही निघते, म्हणून प्रत्यक्ष वेळ याहून कमी भरेल. तरी तो कित्येक तासांचा असतो आणि त्यातला पुष्कळसा काळ नेमका जीवाणूंच्या आवडत्या तापमानात जातो. बारीक चिरल्यामुळे जो नियम आपल्या बाजूला होता, तोच मोठ्या पातेल्यात जीवाणूंच्या बाजूला जातो.

मुंबईची हवा

न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम तुम्ही शिकला आहात. पदार्थ निवण्याचा वेग त्याच्या आणि सभोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. ६० अंशांचा भात १८ अंशांच्या खोलीत ठेवला तर फरक ४२ अंशांचा. मुंबईच्या ३२ अंशांच्या दुपारी तो फरक फक्त २८. म्हणजे आपल्याकडे निवण्याचा वेग दोन-तृतीयांशच. त्याहून वाईट गोष्ट अशी की सभोवतालची हवाच ३२ अंशांची, तर भात कितीही पसरला तरी त्याखाली जाणार कसा? मे महिन्यात उपनगरांत रात्रीदेखील पारा २७-२८ अंशांखाली फारसा उतरत नाही. म्हणून आपल्या हवेत नुसते पसरणे पुरेसे नाही. पसरून निववलेला भात दोन-तीन तासांत वापरून संपवला पाहिजे, नाहीतर थेट फ्रिजमध्ये गेला पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची नियमावली सांगते की शिजलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि एकूण सहा तासांत ५ अंशांवर आले पाहिजे.

फ्रिजमध्येदेखील अख्खे पातेले ढकलून उपयोग नाही; गाभा तासन्‌तास गरमच राहील. उथळ डब्यांत विभागून ठेवा. हे जेवढे गाडीवाल्याला लागू, तेवढेच आपल्या घरच्या उरलेल्या भातालाही लागू आहे.

मग गाडीवाल्याने उरलेला भात फेकायचा का? हिशोब त्याच्या बाजूचाही करू. एक किलो तांदळाचा अडीच-तीन किलो भात होतो. त्याच्या दहाएक प्लेटा होतात. एक किलो साध्या तांदळाची किंमत मात्र एका प्लेटच्या दराच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. म्हणजे दहा प्लेटांचा भात टाकला तरी नुकसान एका प्लेटचे. सकाळी एकदम मोठे पातेले चढवण्याऐवजी दोन वेळा लहान पातेली चढवली तर तेवढेही नुकसान होत नाही. चांगले गाडीवाले हेच करतात.

अजिनोमोटो आणि लाल रंग

चायनीज खाण्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला अजिनोमोटोचा. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रवनस्पतीच्या कढणातून हा पदार्थ वेगळा केला. त्याचे रासायनिक नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असते. १९६८ साली एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चिनी जेवणानंतर मान बधिर होते अशी शंका मांडली आणि या पदार्थाचे नाव खराब झाले. पुढे कोणाला खरा आणि कोणाला खोटा डोस दिला हे दोन्ही पक्षांना न सांगता प्रयोग केले, तेव्हा नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणाने असा त्रास होतो हे सिद्ध झाले नाही. सॉस, मीठ आणि अजिनोमोटो मिळून सोडियम बरेच पोटात जाते, ही चिंता मात्र रास्त आहे.

दुसरा आक्षेप रंगाचा, आणि तो गंभीर आहे. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत कापड रंगवायचा ऱ्होडामाइन-बी हा रंगही सापडला होता. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेनेही त्याच वर्षी गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी आणली. बोटांना आणि रुमालाला लागलेला भडक लाल डाग मिरचीचा नसतो, एवढे लक्षात ठेवा.

पार्सल

मंचुरियनचा रस्सा इतका वेळ गरम का राहतो? त्यातले कॉर्नफ्लॉवर फुगून रश्शाची श्यानता वाढवते. पातळ सूपमध्ये वरचा थर निवला की जड होऊन खाली जातो आणि खालचा गरम थर वर येतो; याला अभिसरण म्हणतात. घट्ट रश्शात हे अभिसरण जवळजवळ थांबते. वरून साय धरल्यासारखा थर येतो, आत मात्र जीभ पोळेल इतके गरम असते. म्हणून पहिला घास जपून घ्या.

डब्याचे झाकण गच्च लावले की आतली हवा वाफेने संपृक्त होते. वाफेचे झाकणावर थेंब होतात, ते खाली पडतात आणि कुरकुरीत गोळे मऊ पडतात. चायनीज भेळेच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या पुडीत घ्या, म्हणजे हा प्रश्न सुटेल. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. गरम, तेलकट पदार्थ पातळ पिशवीत घेणे प्रकृतीच्या दृष्टीनेही बरे नाही, कारण प्लास्टिकमधली काही द्रव्ये तेलात सहज विरघळतात. घरून स्टीलचा डबा न्या. आणि दुपारचे पार्सल संध्याकाळसाठी दप्तरात ठेवू नका. दप्तरातला उबदार डबा म्हणजे लहानसे पातेलेच!

गाडी पारखताना

खाऊच नका असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. पाच गोष्टी पाहायला शिका.

१. भात कशात ठेवला आहे? पसरट थाळ्यात की खोल पातेल्यात?
२. गर्दी किती आहे? गर्दीच्या गाडीवर भात पडून राहत नाही. दुपारी एकची प्लेट बहुधा रात्री अकराच्या प्लेटपेक्षा ताज्या भाताची असते.
३. भात केव्हा शिजवला असे सरळ विचारा. चांगला गाडीवाला रागावत नाही.
४. प्लेट समोर, मोठ्या आचेवर परतली जाते की नुसती कोमट केली जाते?
५. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक लावलेला आहे का?

करून पाहा

प्रयोग १ : सारख्याच वजनाचा गरम भात एका उंच डब्यात भरा आणि एका थाळीत पातळ पसरा. स्वयंपाकाचा किंवा अल्कोहोलचा तापमापक मध्यभागी खोचून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. पाऱ्याचा तापमापक खायच्या भातात घालू नका. काळ आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या अक्षावर घेऊन दोन आलेख काढा. दोन्ही आलेख ४० अंशांवर केव्हा पोचतात? जाडीच्या वर्गांचे गुणोत्तर आणि वेळांचे गुणोत्तर जुळते का? जुळत नसेल तर का? हा प्रयोग शिक्षकांनी एका तासिकेत सुरू करून पुढच्या तासिकेत पुरा करून घ्यावा.

प्रयोग २ : एक कप पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉवर शिजवून घट्ट खळ करा आणि कोमट झाल्यावर दोन वाट्यांत घाला. एका वाटीत थोडी लाळ घालून ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत ती खळ पातळ होईल, दुसरी तशीच राहील. लाळेतले विकर स्टार्चचे रेणू तोडते. उष्ट्या चमच्याने ढवळलेला मंचुरियनचा रस्सा पाणचट का होतो, याचे उत्तर तुम्हाला मिळेल. दोन्ही वाट्यांत आयोडीनचा एकेक थेंब टाकून रंगातला फरकही पाहा.

प्रयोग ३ : घरी फ्राइड राइस कराल तेव्हा एकदा चौघांचा एकदम करा आणि एकदा एकेकाचा चार वेळा. वेळ, पाणी सुटणे आणि चव यांची नोंद ठेवा. भात त्याच दिवशी शिजवून, थाळीत पसरून, पंख्याखाली निववलेला घ्या. सुटा भात होण्यासाठी तो रात्रभर बाहेर राहण्याची काहीही गरज नसते, हे तुमचे तुम्हालाच दिसून येईल.